सत्याचे ओझे कोणी वाहावे?

2024 च्या डिसेंबरातील एका संध्याकाळी, गाझियाबाद येथील आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर एक छापील अर्ज पसरून मी बसलो होतो. अर्ज खाजगी कंपनीच्या आरोग्यविम्याचा होता आणि तो माझ्या थोरल्या बहिणीसाठी भरावयाचा होता. अक्काचे वय तेव्हा 66 होते. महाराष्ट्रातील एका मिशन हॉस्पिटलात तिने 38 वर्षे परिचारिकेचे काम केले. ती अविवाहित राहिली, आणि आईच्या निधनानंतर आमच्याकडे राहावयास आली. तिला अकरा वर्षांपासून मधुमेह होता. रक्तदाबाची गोळी ती रोज सकाळी चहापूर्वी घेई. अर्जातील एका रकान्यात विचारले होते की, विमा उतरविणाऱ्या व्यक्तीस मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही आहे काय अथवा पूर्वी होते काय. पुढे दोन चौकोन होते, एक ‘होय’चा आणि एक ‘नाही’चा.

समोर बसलेला एजंट वाईट मनुष्य नव्हता. आपल्या म्हाताऱ्या आईचा अर्ज आपण असाच भरला, असे त्याने मोकळेपणाने सांगितले. “साहेब, ‘नाही’वर खूण करा. ‘होय’ लिहिलेत तर या वयात एक तर अर्ज परत येईल, नाही तर हप्ता दीडपट होईल. पाच वर्षे निघाली की कंपनी जुन्या आजाराचा प्रश्न काढू शकत नाही.” हे सारे तो हिंदीत, आणि आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलला. दुसरी एक सूचनाही त्याने केली. दिल्ली परिसराचा पत्ता दिला तर काही कंपन्या अधिक हप्ता आकारतात, कारण येथील इस्पितळे महाग. तेव्हा गावाकडचा पत्ता लिहावा.

गावाचा पत्ता लिहिण्यास मी नकार दिला आणि त्यामुळे आपण प्रामाणिक आहोत असे मला क्षणभर वाटलेही. मग मी ‘नाही’च्या चौकोनात खूण केली. अक्काला सहीसाठी हाक मारली. तिने चष्मा शोधला नाही, “तू वाचलंयस ना?” एवढेच विचारले आणि सही केली.

शास्त्राच्या भाषांतरात एका शब्दाचा अर्थ एका बाजूस जरासा कलला तरी ज्याची झोप उडते, त्या माणसाने हे केले. वाचकहो, ही गोष्ट मी येथे सांगतो ती केवळ कबुलीजबाब म्हणून नव्हे. पुढे जे घडले त्याने माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

आठ दिवसांनी विमा कंपनीच्या डॉक्टरांचा दूरध्वनी आला. वृद्धांचा अर्ज आला की अनेक कंपन्या अशी दूरध्वनीवरून चौकशी करतात, हे मला ठाऊक नव्हते. फोन अक्काने घेतला. मी घरी परतलो तेव्हा तिने सहजपणे सांगितले की डॉक्टरीणबाई मोठ्या गोड बोलत होत्या. मधुमेह कधीपासून, गोळ्या कोणत्या, तीन महिन्यांची साखर किती, सारे त्यांना सांगितले. अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र त्याच महिन्यात आले.

मी रागावलो. हे लिहिताना लाज वाटते, पण रागावलो. “हे सगळं सांगायची काय गरज होती?” असे मी म्हटले आणि मग अर्जावरची खूणही सांगून टाकली. अक्का बराच वेळ गप्प राहिली. नंतर ती जे बोलली ते धर्माचे नव्हते, वॉर्डातले होते. “अरे, केसपेपरवर खोटं लिहून ठेवलं तर रात्रपाळीची सिस्टर त्याच कागदावर औषध देते. तिला काय ठाऊक, खोटं कुठलं नि खरं कुठलं?”

या वाक्याचा अर्थ मला हळूहळू उमगला. वृद्ध माणूस इस्पितळात दाखल होतो तेव्हा पहिला प्रश्न विचारला जातो तो जुन्या आजारांचा, आणि उत्तर केसपेपरच्या पहिल्याच पानावर उतरते. ‘अकरा वर्षांपासून मधुमेह’, अशा हजारो ओळी अक्काने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या. विम्याचा दावा दाखल झाला की कंपनी प्रथम तेच पान मागविते. म्हणजे ज्याने अर्जात मधुमेह लपविला, त्याला तो आजार इस्पितळाच्या दारातही लपवावा लागतो. डॉक्टरांपासून, भूलतज्ज्ञापासून, रात्रपाळीच्या परिचारिकेपासून. एका खुणेने आरंभिलेले असत्य अशा रीतीने सलाईनच्या बाटलीपर्यंत जाऊन पोहोचते. आणि ते नेमके अशा वेळी बोलावे लागते की जेव्हा मनुष्य तापाने अर्धवट शुद्धीत असतो व बोलणारा मी असतो, ती नव्हे.

आपल्यापैकी काहींच्या मनात याहूनही आधीचा प्रश्न असेल, की देवावर भरवसा ठेवणाऱ्याने विमा उतरवावाच का? या आक्षेपाचे वजन मला फारसे वाटत नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत मिसर देशाची कोठारे भरली, ती देवाने स्वप्नाचा अर्थ उलगडून दाखविल्यावर भरली. स्कॉटलंडमध्ये 1744 साली पाळकांच्या विधवा व मुले यांच्यासाठी जो निधी उभा राहिला, तो अलेक्झांडर वेबस्टर आणि रॉबर्ट वॉलेस या दोन पाळकांच्या खटपटीने; त्याचे हिशेब कॉलिन मॅक्लॉरिन या गणितज्ञाने तपासून दिले. किती पाळक दरवर्षी मरतील व किती विधवा मागे राहतील याचा अदमास बांधून त्यांनी वर्गणी ठरविली होती. आधुनिक विम्याच्या शास्त्राचा एक पाया असा मंडळीच्या अंगणात घातला गेला आहे. ज्या मंडळीतून पुढे डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले, तीच ही मंडळी. उद्याची चिंता करू नये या प्रभूच्या शिकवणीचा अर्थ उद्याचे ओझे शेजाऱ्यावर टाकावे असा कोणी केलेला नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. मिरज, वाई, जालना, अहिल्यानगर या ठिकाणच्या मिशन हॉस्पिटलांत ज्यांनी आयुष्य वेचले, त्या पिढीच्या मनात एक वाक्य घट्ट बसलेले होते : आजारी पडलो तर आपलेच हॉस्पिटल आहे. ते वाक्य त्या गावी खरेही होते. पण मुले, भाऊ, भाचे पुणे, मुंबई, दिल्लीला गेले आणि म्हातारी माणसे त्यांच्या मागून आली. गाझियाबादेतील कोणत्याही इस्पितळाला अक्का ‘आपली’ नाही. तिच्याजवळ भविष्यनिर्वाह निधीची थोडी रक्कम आहे, निवृत्तिवेतन नाही. 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेत 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू लागले. दिल्ली राज्य या योजनेत 2025 च्या एप्रिलमध्ये सामील झाले आणि त्याने आपले आणखी 5 लाख त्यात घातले. ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्यांच्या घरी 70 ओलांडलेली माणसे आहेत त्यांनी त्यांचे कार्ड काढले नसेल तर हा अंक बाजूला ठेवून आधी ते काढावे. परंतु अक्काला सत्तरी गाठावयास चार वर्षे होती. साठ व सत्तर यांच्या मधल्या या पट्ट्यात, नोकरी संपलेली आणि सरकारी कार्ड न मिळालेली अशी पुष्कळ माणसे उभी आहेत. त्यांना खाजगी विम्याच्या दारात जाणे भाग पडते, आणि तेथे तो ‘होय’-‘नाही’चा रकाना वाट पाहत असतो.

विम्याच्या करारास कायद्यात ‘परम सद्भावाचा करार’ म्हणतात. मूळ लॅटिन संज्ञेत ‘फिदेस’ हा शब्द आहे. भाषांतर करणाऱ्यास हा शब्द पाहताच थबकावे लागते, कारण नव्या करारातील ग्रीक ‘पिस्तिस’प्रमाणेच तो दुहेरी आहे. भरवसा ठेवणाऱ्याचा विश्वास आणि भरवशास पात्र असणाऱ्याचा विश्वासूपणा, दोन्ही त्यात सामावतात. मराठीत आपण त्याचे दोन शब्द केले, आणि माझा अनुभव असा की दोन शब्द झाले की मनुष्य सोयीचा तेवढा उचलतो. देवाने माझी काळजी घ्यावी हा ‘विश्वास’ आपल्याला प्रिय. अर्जाच्या रकान्यातला ‘विश्वासूपणा’ एजंटाच्या सल्ल्यावर सोडलेला.

हे तत्त्व न्यायालयात ठळकपणे मांडले गेले ते 1766 साली, इंग्लंडमध्ये. सुमात्रा बेटावरील फोर्ट मार्लबरो या ठाण्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने शत्रूच्या हल्ल्यापासून ठाण्याचा विमा उतरविला होता. फ्रेंचांनी ठाणे घेतले. ठाणे किती दुबळे आहे हे आम्हांस सांगितले नाही, असे म्हणून विमा घेणाऱ्याने पैसे नाकारले. न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी सांगितले की जी गोष्ट एकालाच ठाऊक आहे ती त्याने दडवू नये. पण हे बंधन दोन्ही बाजूंवर सारखेच आहे असेही ते म्हणाले, आणि निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने, कारण विमा घेणाऱ्यास जे ठाऊक होते किंवा ठाऊक असावयास हवे होते, त्याचे खापर दुसऱ्यावर फोडता येत नाही. हा दुसरा भाग आपल्याकडे कमी सांगितला जातो. बारीक टाइपात खोलीभाड्याची मर्यादा दडवून, ती ओलांडताच संपूर्ण बिलाला त्या प्रमाणात कात्री लावणारी कंपनीही परम सद्भावाचा भंगच करीत असते.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या संदर्भात शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. 2009 च्या निकालातील विमेदाराने मधुमेह व मूत्रपिंडाचा जुना विकार न सांगता मेडिक्लेम घेतली होती. त्याच्या मृत्यूनंतर पत्नीचा दावा फेटाळला गेला आणि न्यायालयाने कंपनीचे म्हणणे उचलून धरले. 2021 च्या निकालातील गृहस्थाने परदेशप्रवासाचा विमा घेताना आपला मधुमेह सांगितला होता. अमेरिकेत उतरताच त्यास हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने इतर काही गोष्टी दडविल्याचा ठपका ठेवला. न्यायालयाने म्हटले की मधुमेह माहीत असून कंपनीने विमा दिला, तेव्हा त्यातील धोका तिने जोखलेलाच होता; आता तिला अंग काढून घेता येणार नाही. एजंट पाच वर्षांविषयी जे म्हणाला तेही अर्धेच खरे आहे. 2024 च्या नियमांनुसार सलग 60 महिन्यांनंतर माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, परंतु सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे. मोजून, समजून, ‘नाही’वर केलेल्या खुणेला दुसरे काय म्हणावे?

असे असूनही, ज्यांनी ‘नाही’ लिहिले त्या सर्वांना हनन्या व सप्पीरा यांच्या पंक्तीस बसविण्यास माझे मन धजत नाही. प्रेषितांच्या कृत्यांतील तो प्रसंग नीट वाचला तर पेत्राचा रोख लक्षात येतो. जमीन हनन्याची होती, विकल्यावर पैसेही त्याच्याच हाती होते, त्याच्यावर कसलीही सक्ती नव्हती. खरे बोलून त्याला काहीच गमवावे लागणार नव्हते. सहासष्ट वर्षांच्या आजारी माणसाचे तसे नाही. सत्य सांगितले की दार बंद होते. त्याला सत्याची किंमत पडते, आणि ती किंमत ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याकडूनच मागितली जाते. उलट बाजूही पाहिली पाहिजे. लपविलेल्या आजाराचा खर्च कंपनीच्या मालकाच्या खिशातून जात नाही. तो इतर विमेदारांच्या हप्त्यात चढतो, आणि त्यांत कोणीतरी खरे सांगून जादा हप्ता भरणारी दुसरी अक्का असते.

नामंजुरीचे पत्र आल्यावर आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी अक्का चष्मा लावून बसली आणि प्रत्येक कंपनीच्या अटी तिने औषधांचा तक्ता वाचावा तशा वाचल्या. पूर्वी कंपन्यांवर 65 वर्षांपर्यंतच्याच अर्जदारांना विमा देऊ करण्याचे बंधन होते. 1 एप्रिल 2024 पासून वयाची ती रेघ नियमांतून पुसली गेली. तरी अर्ज नाकारण्याचा अधिकार कंपनीकडे राहतोच, म्हणून एका नकाराने खचून जाण्याचे कारण नाही. आम्ही विम्याची रक्कम किती मोठी हे शेवटी पाहिले. आधी पाहिले ते जुन्या आजारांसाठी किती थांबावे लागेल (आता ही मुदत तीन वर्षांहून अधिक ठेवता येत नाही), मोतीबिंदू आणि गुडघ्याच्या सांध्यासाठी किती, प्रत्येक बिलातील किती हिस्सा आपण सोसावयाचा, खोलीभाड्यास मर्यादा आहे काय, आणि आमच्या घरापासून रिक्षाने जाता येईल असे कोणते इस्पितळ त्यांच्या यादीत आहे. मधुमेहास पहिल्या दिवसापासून संरक्षण देऊ करणाऱ्या योजनाही होत्या. त्यांचा हप्ता ऐकून अक्काने कागद मिटून ठेवला. अखेर एका कंपनीने रक्ततपासणी करून, हप्ता वाढवून, बिलाचा पाचवा हिस्सा आमच्यावर ठेवून विमा दिला. कागद हाती पडल्यावर 30 दिवसांत तो परत करण्याची मुभा असते. त्या तीस दिवसांत अक्काने तो तीनदा वाचला, आणि एजंटाने जे तोंडी सांगितले होते त्यातील एक गोष्ट कागदावर नाही हे तिनेच शोधून काढले.

वाढीव हप्ता कोणी भरावा यावर घरात बोलणे झाले. अक्काने निधीचे पासबुक आणून टेबलावर ठेवले. माझा धाकटा भाऊ नाशिकहून फोनवर म्हणाला की तिचे ती भरू शकते तोवर भरू दे, तिचा मान राहील. यात तथ्य होते. त्याच सुमारास माझ्या कामाच्या मेजावर गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय होता. तेथे पौल प्रथम एकमेकांची ओझी उचलण्यास सांगतो आणि तीनच वचनांनंतर ज्याचा भार त्यानेच वाहावा असे म्हणतो. वाचणारा गोंधळतो. मूळ ग्रीकात मात्र शब्द दोन आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणसाला वाकविणारे, चिरडणारे वजन. दुसरा ‘फोर्तिऑन’, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचा बोजा. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाच्या जहाजावरील मालालाही हाच शब्द आहे. (हा भेद सर्वत्र काटेकोर आहे असे मी म्हणणार नाही, शास्त्री-परूश्यांनी लोकांच्या खांद्यांवर लादलेल्या जड बोजासही मत्तय हाच दुसरा शब्द वापरतो.) मला तो अध्याय त्या दिवशी टेबलावरील हिशेबासारखा दिसला. निरोगी माणसाने या वयात जो हप्ता भरला असता तो अक्काचा फोर्तिऑन. तो तिने भरावा, त्यात तिचा मान आहे. पण खरे बोलल्यामुळे वर जी रक्कम चढली, ती तिच्या एकटीची कशी? तिने खरे बोलावे ही अपेक्षा आमची, तिच्या खरेपणाचा अभिमान आमचा, आणि त्याचे बिल तेवढे तिचे? ती रक्कम आम्ही दोघा भावांनी वाटून घेतली.

परंतु ज्याला भाऊ नाही त्याचे काय? दिल्ली, नोएडा, फरिदाबाद येथे विखुरलेल्या आम्हां मराठी ख्रिस्ती कुटुंबांची महिन्यातून एकदा प्रार्थनासभा भरते. तेथे मी हा विषय काढला. साठ ते सत्तर या वयातील, निवृत्तिवेतन नसलेल्या सभासदांच्या हप्त्यातील असा वाढीव भाग सर्वांनी मिळून उचलावा, अशी सूचना केली. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले की ज्यांनी आधीच ‘नाही’ लिहून स्वस्तात विमा घेतला आहे, त्यांनी या निधीस वर्गणी द्यावयाची काय? सभेत शांतता पसरली. अशी दोन-तीन कुटुंबे तेथे बसली होती आणि ते सर्वांना ठाऊक होते. त्यातील एक भगिनी नंतर स्वयंपाकघरात अक्काला भेटली आणि आता काय करता येईल असे तिने विचारले. अक्काने तिला सांगितले की कंपनीला स्वतःहून पत्र लिही. हप्ता वाढेल, कदाचित विमा जाईलही, पण दाखल होताना खोटे बोलावे लागणार नाही. तिने पत्र लिहिले की नाही हे मी विचारलेले नाही. निधी लहान आहे. सध्या तिघांना पुरतो.

नियम थोडे सुधारले आहेत. साठीवरील विमेदारांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून अधिक वाढवावयाचा तर विमा नियामक प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा लागेल, असा आदेश 30 जानेवारी 2025 रोजी निघाला, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरील 18 टक्के जीएसटी रद्द झाला. दिल्ली व नोएडा येथे विमा लोकपालाची कार्यालये आहेत. तेथे तक्रारीस शुल्क पडत नाही.

2025 च्या नोव्हेंबरात, दिल्लीची हवा दरवर्षीप्रमाणे धुराने कोंदली तेव्हा, अक्काला न्यूमोनिया झाला. दाखल करून घेणाऱ्या तरुण परिचारिकेने जुन्या आजारांविषयी विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वीच अक्काने प्राणवायूचा मुखवटा बाजूला करून सांगितले, “बारा वर्षं मधुमेह,” आणि गोळ्यांची नावे तिला एकेक करून लिहावयास लावली. कंपनीने आपला हिस्सा दिला. पाचवा भाग व हातमोजे, सुया वगैरेंचे पैसे आम्ही भरले. हेच दुखणे मूत्रपिंडाचे असते तर जुन्या आजाराची तीन वर्षे न भरल्याने काहीच मिळाले नसते, हे आम्हां तिघा भावंडांना ठाऊक आहे. घरी आल्यावर अक्काने डिस्चार्जचा कागद चष्मा लावून वाचला, त्यात एका गोळीची मात्रा चुकीची उतरली होती ती पेनाने दुरुस्त केली, आणि मला तो विम्याच्या फाइलीत लावून ठेवावयास सांगितले.